फोटो वाचणाऱ्याने उपचार केले तेव्हा

क्ष-किरणतज्ज्ञाने फोटो वाचावेत, उपचार इतरांनी करावेत, ही वाटणी पोर्टलंडच्या चार्ल्स डॉटर यांनी १६ जानेवारी १९६४ रोजी मोडली. ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाला गँगरीन झालं होतं. पाय कापू द्यायला त्या तयार नव्हत्या. डॉटर यांनी मांडीतल्या अरुंद झालेल्या रोहिणीत आधी तार सरकवली, मग तिच्यावरून एक नळी आणि त्या नळीवरून आणखी जाड नळी. रक्त वाहू लागलं, पाय वाचला. खरं श्रेय सेल्डिंगर यांचं, असं कुणी म्हणेल. तारेवरून नळी घालण्याची रीत त्यांनी १९५३ मध्येच मांडली होती. ते मान्यच. पण ती रीत तपासणीची होती. त्याच वाटेने उपचारही करता येतात, ही दृष्टी डॉटर यांची. अमेरिकेतल्या शल्यविशारदांनी बराच काळ दाद दिली नाही. युरोपात मात्र तंत्र रुजलं, आणि झुरिकमध्ये ग्रुंटझिग यांनी १९७४ साली त्याला फुग्याची जोड दिली.