ग्रंज आणि कव्वाली

हैदराबादेत कचेरीच्या कामानिमित्त मुक्काम असताना तिथल्या एका सहकाऱ्याने मला विचारले, "तुम्ही नाट्यसंगीतवाले, मग हे ग्रंजचे ओरडणे कसे काय ऐकता?" त्यांचा कान कव्वालीवर पोसलेला. म्हणून ही थोडी हकिकत.

ग्रंज म्हणजे मळ. अमेरिकेतील सिअ‍ॅटल व आसपासच्या बॅण्डांना हे नाव चिकटले. निर्वाणाच्या 'ब्लीच' (१९८९) या पहिल्या अल्बमच्या ध्वनिमुद्रणाचा खर्च होता अवघा ६०६ डॉलर. सप्टेंबर १९९१ मध्ये त्यांचा 'नेव्हरमाइंड' आला आणि जानेवारी १९९२ मध्ये त्याने मायकेल जॅक्सनच्या 'डेंजरस'ला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावरून खाली खेचले. पर्ल जॅम, साउंडगार्डन, अ‍ॅलिस इन चेन्स हेही त्याच लाटेतले.

सहकाऱ्याला मी 'डेड मॅन वॉकिंग' (१९९५) या चित्रपटातली गाणी ऐकवली. पर्ल जॅमचा एडी व्हेडर त्यांत नुसरत फतेह अली खाँसाहेबांबरोबर गायला आहे. ते म्हणाले, "अहो, हा तर आमच्यातलाच!"

खरे आहे. दोन्हीकडे आवाज फाटेपर्यंत आर्तता. फरक आहे तो आधाराचा. हैदराबादच्या वारसी घराण्यात पद्मश्री अझीझ अहमद खाँ वारसींचे गाणे नातवांपर्यंत पोचले. कव्वालाच्या मागे टाळी देणारे, ओळ उचलून धरणारे घरचेच बसतात. ग्रंजवाल्यांना बाजाराने दोन-तीन वर्षांत डोक्यावर घेतले. कर्ट कोबेन १९९४ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेला, लेन स्टेली २००२ मध्ये, ख्रिस कॉर्नेल २०१७ मध्ये. व्यसन, नैराश्य ही कारणे होतीच. तरी वाटते, आर्त आवाजाला मागे टाळी धरणारे कुणीतरी हवे.