अजिंठ्याचे ऋण आणि मरियामातेची साडी

पोलंड हा देश नकाशावरून पुसला गेला होता, त्या काळात यात्सेक माल्चेव्स्की (१८५४-१९२९) हे चित्रकार देवदूतांना आपल्या देशाच्या शेतशिवारात उतरवीत होते. ख्रिस्ताला तर त्यांनी स्वतःचाच चेहरा दिला. जे डोळ्यांना दिसत नाही ते ओळखीच्या रूपातून सुचवावे, ही या प्रतीकवादी कलावंतांची श्रद्धा. आपल्याकडे हाच ध्यास एका गोमंतकीय कॅथोलिक चित्रकाराने घेतला. त्याची कथा वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांस वाटते.

आंजेलो द फोन्सेका यांचा जन्म १९०२ साली गोव्यातील सांत इस्तेव्ह बेटावर झाला. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून ते मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत गेले, तेथील पाश्चात्त्य वळणात मन रमेना, म्हणून त्यांनी शांतिनिकेतन गाठले. तेथे त्यांना नंदलाल बोस यांचे मार्गदर्शन लाभले. हेच नंदलाल तरुणपणी, १९०९ च्या सुमारास, लेडी हेरिंगहॅम यांच्या पथकाबरोबर अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करावयास आले होते. आमच्या छत्रपती संभाजीनगरपासून शंभरएक किलोमीटरवरील त्या लेण्यांतील रेषा अशा रीतीने गुरूच्या हातून शिष्याच्या हाती आली.

फोन्सेका गोव्यास परतले आणि त्यांनी मरियामातेला साडी नेसविली, प्रभू येशूला भारतीय संन्याशाचे रूप दिले. तत्कालीन पोर्तुगीज गोव्यात ते अनेक धर्माधिकाऱ्यांना व भाविकांना रुचले नाही. अखेर त्यांना आसरा मिळाला तो पुण्यातील ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात, म्हणजे अँग्लिकन बांधवांच्या घरी. फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या येशूसंघीय विद्वानाने मात्र त्यांची पाठराखण केली. फोन्सेका यांनी आपला मार्ग सोडला नाही आणि आपली ख्रिस्तसभाही सोडली नाही.

४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने उपासनेविषयीच्या संविधानात स्पष्ट केले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली आपली म्हणून स्वीकारलेली नाही. सर्व लोकांच्या व प्रदेशांच्या कलेला तिच्यात वाव असावा. त्यानंतर चारच वर्षांनी, २८ डिसेंबर १९६७ रोजी, फोन्सेका निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे.

आपला धर्म परका, असा आक्षेप आपण वारंवार ऐकतो व त्यास शब्दांनी उत्तर देतो. परंतु आपल्या देवघरांतील तसबिरी काय उत्तर देतात? मराठवाड्यातील आमच्या माउल्या डोईवर पदर घेऊन ज्या मातेपुढे हात जोडतात, ती माता युरोपीय वेशातच का असावी? अजिंठ्याने आपल्या एका चित्रकाराला वाट दाखविली. ती वाट आमच्या उंबरठ्यापाशीच सुरू होते. तिच्यावर पाऊल टाकणे आता आपल्याकडे आहे.