केरीची तर

दक्षिणेस शापोरा नदी, उत्तरेस तेरेखोल, पश्चिमेस अरबी समुद्र आणि उरलेल्या बाजूस सावंतवाडीच्या मुलखाला भिडलेली सरहद्द, अशी पेडणे महालाची रचना असल्यामुळे, भूगोलाच्या व्याख्येप्रमाणे हा प्रदेश बेट नसला तरी, पूल आणि मोटाररस्ते होईपर्यंत येथे येणाऱ्याला व येथून बाहेर पडणाऱ्याला आधी पाण्याची चौकशी करावी लागे आणि मग वाटेची. या महालाच्या अगदी वायव्य टोकाला, नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, केरी हे गाव आहे. सुरूच्या बनाची सावली, आजोबाचे देवस्थान, लांब पसरलेली वाळू आणि तिच्या टोकाशी फेरीबोटीचा धक्का. समोरच्या तीरावर टेकडीच्या नाकाडावर तेरेखोलचा किल्ला व त्याच्या पायथ्याशी त्याच नावाची लहानशी वस्ती. ही वस्ती गोव्याची, पेडणे तालुक्याची, केरीच्याच पंचायतीतली. परंतु तिच्या पाठीमागची सारी जमीन महाराष्ट्राची. गोव्याच्या भूमीवरून तेरेखोलला जायचे तर नदी ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही.

गोमंतकात शतकानुशतके परदेशी माणूस राहिला. त्याने राज्य केले, व्यापार केला, धर्मप्रसार केला, आणि अलीकडच्या काळात केवळ समुद्र व स्वस्ताई यांच्या ओढीनेही तो येऊन राहिला. त्याच्या वाड्यांविषयी, चर्चांविषयी, किल्ल्यांविषयी विपुल लेखन झाले आहे. परंतु तो येथे हिंडला कसा, नदी कोणी उतरवली, डोंगर कोणी चढवला, हा प्रश्न विचारला की इतिहासाचे पात्र एकदम बदलते. किल्लेदार मागे पडतो आणि तांडेल, भोई, नावाडी पुढे येतात. ज्यांच्या हाती मुलखाचा अंमल होता त्यांच्या हाती वाट नव्हती. ती येथल्या श्रमिकांच्या हाती होती, आणि ही स्थिती आपण समजतो त्याहून फार उशिरापर्यंत टिकली.

याचा आरंभ पाहायचा तर केरीपासून दक्षिणेला, तिसवाडीत जावे लागते. २५ नोव्हेंबर १५१० रोजी आफोन्सो द आल्बुकर्कने गोवा शहर जिंकले, तेव्हा पोर्तुगीजांच्या पदरी पडले ते एक खरेखुरे बेट: उत्तरेस मांडवी, दक्षिणेस जुवारी आणि दोहोंना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. दिवाडी, चोडण, जुवे ही लहान बेटे धरून या प्रदेशाला ते ‘इल्याश’, म्हणजे बेटे, असेच म्हणत. पलीकडे आदिलशाही मुलूख असल्यामुळे, जिथे जिथे पाणी उतरता येण्यासारखे होते तिथे तिथे त्यांनी चौक्या बसविल्या. बाणस्तारी, दावजी, आगशी, पणजी ही त्या नाक्यांतली ठळक नावे. यान हॉयघेन फान लिन्सखोतेन हा डच तरुण १५८३ मध्ये येथे आला आणि आर्चबिशपाच्या पदरी चिटणीस म्हणून सुमारे पाच वर्षे राहिला. १५९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात या चौक्यांचा शिरस्ता नमूद आहे. बेटावरून पलीकडच्या मुलखात जाणाऱ्या येथील रहिवाशाच्या उघड्या दंडावर शिक्का उमटविला जाई, आणि परतताना तो शिक्का चौकीच्या अंमलदाराला व कारकुनाला दाखविल्याखेरीज त्याला आत घेत नसत. भाजीपाला, कोंबड्या, तांदूळ, सरपण, शहराला लागणारे बहुतेक सारे पलीकडून येई, आणि ते आणणारा माणूस अशा रीतीने दंडावर परवाना वागवीत नदी ओलांडीत असे. ज्या पाण्याकाठी त्याचा बाप आणि आजा वाढला, ते पाणी उतरण्यासाठी त्याला परक्या कारकुनापुढे हात उघडा करावा लागे, ही गोष्ट चारशेहून अधिक वर्षांनंतर वाचतानाही मनाला लागते.

परंतु त्याच ग्रंथातली चित्रे पाहिली म्हणजे दुसरी बाजू दिसते. प्रतिष्ठित पोर्तुगीज गृहस्थ रस्त्याने चालला आहे आणि त्याच्या डोक्यावर छत्री धरणारा सेवक त्याच्या मागे आहे. बंद पालखीतून त्याची बायको चालली आहे आणि दांडा भोयांच्या खांद्यावर आहे. १६०८ मध्ये आलेल्या फ्रान्स्वा पिरार या फ्रेंच प्रवाशानेही गोव्यातल्या अशा मिरवणुकीवजा हिंडण्याचे वर्णन केले आहे. घोडा फक्त श्रीमंताला परवडे, आणि खाजणे, बांध व ओहळ यांनी चिरलेल्या भूमीत त्या घोड्याचाही उपयोग बेताचाच. म्हणून पालखी, आणि तिच्याहून साधी माचील, म्हणजे लांब दांड्याला टांगलेली, वर आच्छादन असलेली झोळी, हीच या प्रदेशाची खरी वाहने ठरली. ती गावोगावच्या पाद्रींनी, वैद्यांनी, भाटकारांनी, म्हणजे जमीनदारांनी, वापरली, आणि मोटार आल्यावरही आतल्या गावांत ती काही काळ टिकून होती. पायी चालणाऱ्यासाठी पोर्तुगीजांनी केलेले एक मोठे काम मात्र नमूद केले पाहिजे. लिन्यारेशचा कोंद व्हाइसरॉय असताना, १६३३-३४ च्या सुमारास, पणजी ते रायबंदर हा सुमारे तीन किलोमीटरांचा दगडी सेतू खाजणातून बांधला गेला, आणि आजही त्यावरून वाहने धावतात.

किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे जायचे तर जमिनीची वाट कोणी सहसा धरीत नसे. मांडवी, शापोरा, तेरेखोल अशा एकामागून एक नद्या, प्रत्येकीवर तर, म्हणजे होडीने पार होण्याची जागा, प्रत्येक तरीवर जकात, आणि मध्ये बदलत जाणारे अंमल. वेंगुर्ल्याला १६३७ पासून डचांची वखार होती. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये १६४८ मध्ये सुरतेहून वेंगुर्ल्याला उतरला आणि तिथून गोव्याला आला तो समुद्रमार्गाने, लहान होडीतून. केरीची वाळू आणि तेरेखोलची टेकडी अशा प्रवाशांनी पाहिली असेल ती डाव्या हाताला, पाण्यावरून.

तेरेखोलचा किल्ला सावंतवाडीकर खेम सावंत भोसल्यांनी सतराव्या शतकात उभारला. खाडीच्या मुखावर नजर ठेवण्यास याहून योग्य जागा या किनाऱ्यावर नाही. १७४६ मध्ये व्हाइसरॉयाने सावंतांविरुद्ध मोहीम काढली. मे महिन्यात शापोऱ्याच्या काठचा हळर्णचा किल्ला पडला, आणि त्या विजयाच्या स्मरणार्थ पुढे व्हाइसरॉयाला ‘मार्केश द आलोर्ना’ हा किताब मिळाला. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला तेरेखोल त्याच्या हाती आले. परंतु पेडणे महाल पोर्तुगीजांच्या अमलाखाली कायमचा आला तो १७८८ मध्ये, कोल्हापूरकरांच्या आक्रमणाने अडचणीत सापडलेल्या सावंतांनी मदतीच्या मोबदल्यात तो देऊ केला तेव्हा. म्हणजे या मधल्या चार दशकांत तेरेखोलवरच्या शिबंदीला पाठीमागे सावंतांचा मुलूख, समोर नदी आणि नदीपलीकडे जिचा ताबा पक्का नव्हता अशी केरीची वाळू, अशा स्थितीत दिवस काढावे लागले. परक्या सत्तेचे खरे बेट कोणते म्हटले तर तिसवाडीपेक्षा मी तेरेखोलचे नाव आधी घेईन. तिसवाडीत निदान शहर होते, बाजार होता, आरमार होते. येथे टेकडीच्या माथ्यावर तोफा होत्या आणि खाली पाणी. पावसाळ्यात दर्या खवळला, नदीच्या मुखाशी लाटा फुटू लागल्या, की गोव्याहून येणारे गलबतही बंद. अशा वेळी किल्ल्यावरच्या माणसाचे दाणापाणी नदीच्या आतल्या अंगाने, भरतीची वेळ साधून होडी घालणाऱ्या येथील माणसाशिवाय दुसऱ्या कोणावर अवलंबून असणार? दप्तरांत किल्लेदारांच्या नेमणुका सापडतात. त्यांना तरीवर नेणाऱ्या तांडेलांची नावे सापडत नाहीत.

एकोणिसावे शतक या बाबतीत फारसा पालट न करता गेले. १८४३ मध्ये पणजीला राजधानीचा दर्जा मिळाला, पण रिचर्ड बर्टन हा इंग्रज अधिकारी १८४७ मध्ये मुंबईहून आला तो पत्तेमारीतून, आणि जुने गोवे, शिरोडा ही ठिकाणे त्याने पाहिली ती नदीवाटेनेच. १८८८ मध्ये मुरगावची रेल्वे सुरू झाली. तिचा लाभ दक्षिणेला झाला, पेडण्याला नाही. विसाव्या शतकात पणजी आणि बेती यांच्या दरम्यान यंत्रावर चालणाऱ्या लाँचा आल्या. तेल जाळणाऱ्या त्या होड्यांना लोक सरसकट ‘गॅसोलीन’ म्हणू लागले आणि वल्हेकऱ्यांचा जुना धंदा हळूहळू बसला.

केरी-तेरेखोलचे पाणी पुन्हा इतिहासात आले ते १५ ऑगस्ट १९५४ रोजी. आल्फ्रेड आफोन्सो यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहींची तुकडी भारताच्या बाजूने किल्ल्यात शिरली आणि तिने तिथे तिरंगा फडकविला. दुसऱ्या दिवशी पोर्तुगीजांनी किल्ला परत घेतला, पण पाठीमागची बाजू किती उघडी आहे हे त्या एका दिवसाने दाखवून दिले. पुढे सरहद्द बंद झाली, आर्थिक नाकेबंदी आली, आणि ज्यांची सोयरीक आरोंदा, रेडी, शिरोडे इथे होती त्यांना आपल्याच माणसांकडे जाण्यासाठी परवान्यांच्या मागे लागावे लागले. डिसेंबर १९६१ मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हाच ही वाट मोकळी झाली.

त्यानंतर आला तो निराळ्याच जातीचा परदेशी रहिवासी. साठच्या दशकाच्या मध्यापासून हिप्पी म्हणून ओळखले जाणारे तरुण मुंबईच्या धक्क्यावरून आगबोटीत बसत आणि रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ले अशा बंदरांच्या बाजूने पणजीला उतरत. कळंगूट, हणजूण येथे गर्दी झाली तसे ते उत्तरेकडे सरकले; शापोरा उतरून मांद्रे, हरमल आणि शेवटी केरीपर्यंत आले. हा परदेशी पालखीवाला नव्हता. त्याच्याजवळ पैसा बेताचा, वेळ भरपूर, आणि पायांवर विश्वास. वाळूवरून चालत जावे, टेकडीच्या नाकावरून पायवाट चढून पलीकडे उतरावे आणि नदी आली की होडीवाल्याला हाक मारावी, असा त्यांचा क्रम होता. इतक्या शतकांत गोव्यात राहिलेल्या परदेशी माणसाने स्वतःच्या पायांनी सर्रास हिंडावे, हे मला त्या सबंध काळातले सर्वांत लक्षणीय वाटते. त्यांच्या राहणीविषयी गावात तेव्हा पुष्कळ तक्रारी होत्या आणि त्यांतल्या काही रास्तही होत्या. परंतु त्यांनी गावाची वाट गावाच्याच गतीने तुडविली, एवढे त्यांच्या बाजूने म्हटले पाहिजे.

त्यांच्याच काळात ‘पायलट’ या धंद्याला बरकत आली. भाड्याने माणूस नेणारी मोटारसायकल ही गोव्याची स्वतःची व्यवस्था. पुढचा मडगार्ड पिवळा, नाक्यावर पिंपळाखाली किंवा बसथांब्याशी ओळीने उभ्या असलेल्या गाड्या, आणि पाठीमागे एका बाजूला पाय सोडून, पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली बाजारकरीण. सरकारी परवान्याने चालणारा हा धंदा मूळचा गावकऱ्यांसाठीच होता. पण भाड्याच्या खोलीत सहा-सहा महिने राहणाऱ्या परदेशी माणसालाही तोच उपयोगी पडला. पाटी नसलेल्या वाड्यावर, माडांच्या आड लपलेल्या कोणत्या घरात कोण राहतो हे पायलटला ठाऊक असे. तार आली, पोलीस चौकीवर नोंदणीच्या कागदांसाठी जायचे झाले, डॉक्टर हवा झाला, की आधी त्यालाच बोलावणे. भोयांच्या खांद्यावरचे काम त्याने मोटारसायकलच्या मागच्या बैठकीवर घेतले, आणि तेही भाड्याचा दर ठरवून, बरोबरीच्या नात्याने.

मग भाड्याच्या दुचाक्या आल्या. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेल्या त्या स्कुटरींनी परदेशी माणसाला प्रथमच वाटाड्यापासून सोडविले. एन्फिल्ड बुलेट एका परदेशी माणसाने मोसमाच्या शेवटी दुसऱ्याला विकावी, तिची दुरुस्ती गावच्या मिस्त्रीने वर्षानुवर्षे करावी, असाही व्यवहार हणजूण-आसगावच्या बाजूला रुजला. पाणी मात्र असे सहज सोडवीत नाही. ५ जुलै १९८६ रोजी मांडवीवरचा नेहरू पूल कोसळला आणि ऐन पावसाळ्यात साऱ्या उत्तर गोव्याचा भार पुन्हा फेरीबोटींवर आला. शिवोली आणि चोपडे यांच्या दरम्यान शापोऱ्यावर पूल होईपर्यंत किनारी पेडण्याला जाणाऱ्याने एकतर कोलवाळचा वळसा घ्यावा नाहीतर तरीची वाट पाहावी, असेच चालले होते.

आता त्याच पेडणे तालुक्यात मोपा येथे विमानतळ झाला आहे. ५ जानेवारी २०२३ पासून तिथे विमाने उतरतात, आणि देशोदेशीचा माणूस तासाभरात हरमलच्या किनाऱ्यावर येऊन बसतो. केरीच्या धक्क्यावर मात्र जुनाच क्रम आहे. नदी परिवहन खात्याची फेरीबोट तीराला टेकते, साखळीचा खडखडाट होऊन लोखंडी फळी चिखलट उतारावर पडते. आधी दुचाक्या घाईने बाहेर येतात, मग एखादी मोटार, मग टोपली डोईवर घेतलेली कोळीण. परत निघताना खलाशी हाताने खूण करून वाहने दाटीने लावून घेतो आणि कोणाही पाहुण्याला आपल्या सोयीची जागा निवडू देत नाही. प्रवाहाचा जोर पाहून बोट तिरपी घालावी लागते, भरती-ओहोटीचा हिशेब चुकवून चालत नाही. येथेही पुलाचा घाट घातला गेला, काम वादात अडकले आणि राहिले. तेरेखोलच्या लोकांत या पुलाविषयी मतभेद आहेत. त्यांचा निवाडा बाहेरच्याने करू नये.

बोट बंद झाली की तेरेखोलला जाणाऱ्याला किरणपाण्याच्या पुलावरून आरोंद्याला, म्हणजे महाराष्ट्रात उतरावे लागते आणि रेडीच्या बाजूने वळसा घालून पुन्हा गोव्याच्या त्या चिमुकल्या तुकड्यात शिरावे लागते. केरीच्या धक्क्यावरून किल्ल्याची भिंत स्पष्ट दिसते. तिथे पोहोचायला अशा वेळी दोनदा राज्याची हद्द ओलांडावी लागते. भाड्याच्या स्कुटरवर बसलेला परदेशी पाहुणा फोनवरचा नकाशा उघडून बघतो, त्याला नदीपलीकडचे ठिकाण अगदी जवळ दाखविले जाते, आणि तो धक्क्यावरच्या माणसाला विचारतो की पुढची बोट केव्हा. तो माणूस आधी पाण्याकडे पाहतो आणि मग वेळ सांगतो.