पेजेपासून जेवणापर्यंत

मुंबई-आग्रा रस्त्यावरचे पडघा आज गोदामांमुळे ओळखले जाते, पण ठाणे जिल्ह्यातल्या भिवंडी तालुक्याचा हा भाग मुळात भाताचा. सपाटीवर भात, वरकस उतारावर नाचणी आणि वरी, आणि आषाढ लागला की गरिबाघरच्या कणग्या रिकाम्या. कातकरी, वारली, ठाकूर आणि हातावर पोट असलेली कुणबी कुटुंबे या दिवसांत सावकाराकडून खावटी उचलत आणि सुगीला ती दिढीने फेडत. मुंबई प्रांतातल्या आदिवासींवरच्या १९३९च्या सिमिंग्टन अहवालाने हा कर्जाचा फास सरकारपुढे मांडला. अशा मुलखाच्या भुकेचा इतिहास लिहिताना धान्य किती कमी पडले, हे आपण मोजतो. उपासमार संपल्यावर खाणे पुन्हा कसे सुरू झाले, याकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. खरे तर उपाशी शरीराला जेवणाकडे परत नेण्याची रीत इथल्या घरांना माहीत होती. तिचे नाव पेज. ही रीत निम्मी बरोबर होती. उरलेले निम्मे विज्ञानाने विसाव्या शतकात शोधले. ते सर्वांत उशिरा कुमारवयीन मुलामुलींकडे पोचते आहे, ही माझी तक्रार आहे.

आजारातून उठलेल्याला किंवा बरेच दिवस न जेवलेल्याला कोकणात थेट भात वाढत नसत. आधी पातळ पेज, मग दाट पेज, मग मऊ भात, आणि वरण त्यानंतर. आयुर्वेदात याला शास्त्राचे रूप आहे. वमन-विरेचनानंतर पेया, विलेपी, यूष, मांसरस अशा पायऱ्यांनी नेहमीच्या आहारावर येण्याचा संसर्जनक्रम ग्रंथांनी सांगितला, आणि मोठ्या शुद्धीनंतर त्याला सुमारे सात दिवस दिले. मंदावलेला अग्नी आधी गवतकाडीने जपून फुलवावा, ही त्यामागची कल्पना. याउलट १८७७च्या दुष्काळात सरकारदरबारी वाद झाला तो केवळ मापाचा. रिचर्ड टेंपल यांनी मदतकामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडापर्यंत खाली आणले. मद्रासचे आरोग्य आयुक्त कॉर्निश यांनी त्याला विरोध केला, आणि मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून निषेध केला. मजुरांची बाजू शंभर टक्के खरी होती. तरीही अस्थिपंजर झालेल्या माणसाला पहिल्या दिवशी काय द्यावे आणि दहाव्या दिवशी काय, हा प्रश्न त्या वादात मागेच राहिला.

तो प्रश्न जगापुढे ठळकपणे आला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. १९४५मध्ये बेल्सनची छळछावणी मुक्त झाली, तेव्हा बंगालच्या दुष्काळातल्या अनुभवावरून बनवलेले दूधभुकटी, पीठ आणि साखरेचे मिश्रण तिथे वापरले गेले. अनेकांना ते इतके गोड होते की गिळवेना. अन्न हाती आल्यावरही माणसे मरत राहिली. १९५१मध्ये फिलिपाइन्समधल्या जपानी युद्धकैद्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातही खाणे सुरू झाल्यानंतरचे मृत्यू दिसले. आज त्यामागचे कारण कळले आहे. दीर्घ उपासात शरीर चरबी आणि स्नायू जाळून जगते. अचानक पिष्टमय अन्न आले की इन्सुलिन वाढते आणि रक्तातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते. साठा आधीच रिता असल्याने रक्तातली पातळी कोसळते. थायमिन हे जीवनसत्त्व कमी पडले तर मेंदूवर आघात होतो, आणि हृदयाची लय बिघडू शकते. डॉक्टर याला रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात.

इथे पेजेची मर्यादा उघडी पडते. वेग तिने बरोबर ओळखला होता, पण ती बहुतांशी पिष्टच. हातसडीच्या तांदळाच्या पेजेत कोंड्याबरोबर थायमिन काही प्रमाणात तरी राहत असे. भात गिरणीतून पॉलिश होऊन येऊ लागला, तशी घरातली रीत तीच राहिली आणि वाटीतला जिन्नस बदलला. म्हणून परंपरेत सगळे होतेच, असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. तीव्र कुपोषित बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली रीत पाहा. आधी दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे एफ-७५ हे दुधाचे मिश्रण, सोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि जीवनसत्त्वे, आणि मूल स्थिरावल्यावर अधिक कसदार एफ-१००. क्रम पेजेचाच, पण दूध फॉस्फरस पुरवते आणि बाकीची क्षारांची उणीव मोजून भरली जाते.

यावर रास्त आक्षेप येईल: ज्या पट्ट्यात पोरांना पोटभर मिळत नाही, तिथे हळू वाढवा म्हणणे हे भुकेल्याच्या ताटावर पहारा बसवणे नव्हे का? धोका खरोखर कुणाला, हे सांगितल्याशिवाय हा आक्षेप फिटत नाही. महिनोन्‌महिने थोडे कमी खाल्लेल्या, पण रोज काहीतरी खाणाऱ्या मुलीला आजच नेमाने तीन वेळा जेवण आणि मध्ये खाऊ द्यायला हवा. तिथे दिरंगाई हाच अपराध. पाच दिवसांहून जास्त जवळपास काहीच पोटात गेले नसेल, किंवा काही महिन्यांत वजन झपाट्याने उतरले असेल, तर मात्र आहार वाढवण्याआधी डॉक्टर आणि रक्ततपासणी हवी. चक्कर, सूज, धाप किंवा छातीत धडधड असेल तर थेट रुग्णालय. भुकेचे कारण दारिद्र्य असो वा शहरातल्या मुलीने स्वतःवर लादलेला उपास, रक्तातला फॉस्फरस तो भेद जाणत नाही. शिवाय हळूपणालाही मुदत असते. अँसेल कीज यांनी मिनेसोटात ३६ तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले होते. नंतर आहारात तुटपुंजी वाढ मिळालेल्यांची प्रकृती फारशी सावरलीच नाही. भरपूर अन्न मिळाल्यावरच त्यांच्यात जीव आला. अलीकडे अमेरिकेत, स्वतःवर लादलेल्या उपासाने खंगून रुग्णालयात दाखल झालेल्या किशोरवयीन आणि तरुण रुग्णांवर चाचणी झाली. तपासण्या चालू ठेवून सुरुवातीपासून जास्त आहार दिला, तेव्हा ते लवकर स्थिरावले आणि क्षारांचे बिघाड वाढले नाहीत. अति सावधगिरीही उपासमारच लांबवते, आणि हाडे-स्नायू वाढण्याच्या, पाळी सुरू होण्याच्या वयात ती फार महाग पडते.

नेमक्या याच वयाला आपल्या व्यवस्थेत जागा कमी आहे. बालशिक्षणाची अंगणवाडी याच जुन्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडला, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून घडली. १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेची अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. १९९२मध्ये जव्हारच्या वावर-वांगणीत बालमृत्यू झाले आणि राज्याचे लक्ष पुन्हा लहान मुलांवर गेले. जायलाच हवे होते. शाळेतले दुपारचे जेवण आठवीला थांबते. नववीतल्या मुलामुलीला, तेही आश्रमशाळेत नसेल तर, सरकारी ताट जवळजवळ उरत नाही. भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्या पावसाच्या तोंडाशी बंद होतात आणि कातकरी कुटुंबे पाड्यांवर परततात. नेमकी तेव्हाच शाळा उघडते आणि घरातले धान्य संपत येते. त्या जूनमध्ये प्रत्येक किशोरवयीन मुलाचे वजन, उंची आणि मागच्या महिन्यातले खाणे शाळेने नोंदवावे. वजन घसरलेल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे, आणि बाकीच्यांना त्याच दिवसापासून दूध, डाळ आणि अंड्यासह पुरे जेवण द्यावे. यासाठी नवी योजना लागत नाही. वजनकाटा, एक वही आणि त्या वयाची भूक गंभीरपणे घेणारे शिक्षक-डॉक्टर लागतात.