वीस लाख टायर आणि न आलेले मासे

आजची गोष्ट अमेरिकेतल्या फ्लोरिडाची. साल 1972. फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यापासून साधारण 2 किलोमीटर आत, वीसेक मीटर खोल पाण्यात जुने टायर टाकायला सुरुवात झाली. कशासाठी? तर माशांसाठी घर बांधायला. स्वयंसेवक आपापल्या बोटी घेऊन आले, आणि गुडइयर कंपनीच्या हवाई फुग्यातून सोनेरी रंगाचा टायर खाली सोडून उद्घाटन झालं! आकडा पुढे 20 लाखांच्या आसपास गेला. जागेचं नाव ऑस्बोर्न रीफ.

आता हसू नका, कल्पना वेडगळ नव्हती. समुद्राचा तळ नुसता सपाट वाळूचा असेल तर लहान माशाला लपायला जागाच नसते. तिथे खडक असला किंवा एखादं जहाज बुडालं की चित्र बदलतं. कठीण पृष्ठभागावर शेवाळ, स्पंज, प्रवाळ धरतात. त्यांच्या आडोशाला बारके जीव येतात, कपारींत पिल्लं लपतात आणि त्या सगळ्यांच्या मागावर मोठे मासे. कपारी जितक्या वेगवेगळ्या आकाराच्या, तितके मासेही तऱ्हेतऱ्हेचे. टायरला तर आयतंच भोक! वर जमिनीवरचा कचराही कमी होणार.

पण टायर पाण्यात हलका पडतो. गठ्ठे बांधले होते स्टीलच्या क्लिपांनी आणि नायलॉनच्या पट्ट्यांनी. खाऱ्या पाण्यात क्लिपा गंजल्या, पट्ट्या तुटल्या, टायर सुटे झाले. प्रवाळाची अळी एकदा चिकटली की जन्मभर तिथेच राहते. मग सतत लोळणाऱ्या टायरवर ती टिकणार कशी? आणि प्रवाळ नाही म्हणजे पुढची सगळी साखळीच नाही.

इथवर फक्त पैसे वाया गेले असं म्हणता आलं असतं. पण वादळं आली की हे सुटे टायर शेजारच्या नैसर्गिक प्रवाळावर जाऊन आपटायचे. म्हणजे नवं घर तर झालंच नाही, उलट माशांचं होतं ते मोडलं. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर रोलबॅकचा प्लॅनच नव्हता. मला हेच सगळ्यात जास्त खटकतं.

त्याच फ्लोरिडात 2006 साली पेन्साकोलाजवळ ओरिस्कनी हे जुनं विमानवाहू जहाज मुद्दाम बुडवलं गेलं. हजारो टनांचं धूड ते, लाटांबरोबर लोळणार थोडंच! आज तिथे मासे बघायला डायव्हर जातात.

आणि ऑस्बोर्नला? 2007 पासून अमेरिकी सैन्याचे डायव्हर प्रशिक्षणाचा भाग म्हणून टायर वर काढायला लागले. टाकायला बोटी भरभरून लोक आले होते. काढताना मात्र डायव्हरला खाली जाऊन टायर हाताने गोळा करून ओवावे लागतात.