शृंगारिक लावणी : गोडी आणि उणिवा

शृंगारिक लावणी म्हणजे स्त्री-पुरुषांच्या प्रेमाची, विरहाची आणि देहसुखाच्या ओढीची ढोलकीच्या ठेक्यावर गायली जाणारी रचना. तमाशाच्या फडांनी ती गावोगावी नेली.

सातारा-सांगली भागातले या परंपरेतले मोठे नाव म्हणजे पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५). त्यांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. त्यांचा जन्म वाळवा तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. ब्राह्मण घरातल्या बापूरावांनी तमाशाची वाट धरली आणि समाजाचा रोष ओढवून घेतला. महार समाजातील कलावंत पवळाबाईंच्या साथीने त्यांचा फड गाजला.

लावणीची गोडी तिच्या रांगड्या बोलीत आणि मोकळेपणात आहे. घरात जे बोलायची चोरी, ते तिची नायिका भर फडात बोलते.

उणीवही तिथेच आहे. हे बोल बहुतेक पुरुषांनी, पुरुष प्रेक्षकांसाठी लिहिले. त्यामुळे नायिकेची इच्छा बहुधा पुरुषाभोवतीच घुटमळते. शिवाय रचणारा शाहीर म्हणून मिरवला, तर नाचणारी ‘नाची’ म्हणून हिणवली गेली. रात्री फेटे उडवणारे गाव सकाळी तिला दारात उभे करत नसे.

पुढे वाळवा तालुक्यातल्याच वाटेगावच्या अण्णा भाऊ साठे यांनी तमाशाला लोकनाट्याचे रूप देऊन त्यात कष्टकऱ्यांचे प्रश्न आणले. शृंगार वगळला म्हणून लावणी निर्दोष होत नाही. ती सादर करणारीला मान मिळाला, तरच तिची मोठी उणीव भरून निघते.