काना नसलेली सई

पनवेलजवळच्या कामोठ्यात साई पावलोपावली भेटतात. सोसायट्यांच्या कमानींवर, रिक्षांच्या मागच्या काचांवर, मेडिकल आणि किराणा दुकानांच्या पाट्यांवर शिर्डीच्या बाबांचे नाव असते. सिडकोने वसवलेल्या या वस्तीत मूळ आगरी गाव आहे, घाटमाथ्यावरून उतरलेली कुटुंबे आहेत, उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून नोकरीसाठी आलेली माणसे आहेत, आणि साई हा शब्द त्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. अशा वस्तीत सई नावाची मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली, की पहिल्याच हजेरीला तिच्या नावाला एक काना चिकटण्याची शक्यता फार. हजेरीपटावर एस-ए-आय ही तीन रोमन अक्षरे असतात. ती वाचणाऱ्याला साई माहीत असतो, सई माहीत नसते. चूक कोणाची म्हणता येत नाही. पण त्या एका कान्यात दोन हजार वर्षांचा एक शब्द नाहीसा होतो. सई आणि साई यांचे काहीही नाते नाही. साई हा हिंदी-सिंधीतला ‘साईं’, स्वामी या शब्दावरून आलेला. त्यात मालकाचा, धन्याचा अर्थ आहे. सई म्हणजे सखी. एक शब्द वर पाहून उच्चारायचा, दुसरा शेजारी पाहून.

सखीची सई कशी झाली, हे समजायला फार व्याकरण लागत नाही. संस्कृत शब्द प्राकृतात उतरताना दोन स्वरांच्या मधला ख, घ, थ, ध किंवा भ विरघळतो आणि मागे नुसता ‘ह’ उरतो. दधीचे दही असेच झाले. लिख् धातूपासून आपले लिहिणे असेच आले. त्याच वाटेने सखीची ‘सही’ झाली. हालाच्या नावावर असलेल्या गाथासप्तशतीत, म्हणजे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत महाराष्ट्री प्राकृतात रचल्या आणि गोळा केल्या गेलेल्या गाथांत, बाई आपल्या मैत्रिणीला ‘सहि’ अशी हाक मारते. कालिदासाच्या नाटकात शकुंतला आणि तिच्या मैत्रिणी प्राकृतात बोलतात, तिथेही ही हाक आहे. पुढची पायरी मराठीच्या तोंडात घडली. मधला ‘ह’ आपण बोलताना सहज गिळतो. नाहीचे नाय होते, पाहिजेचे पायजे होते, राहिलाचे रायला होते; कामोठ्याच्या मूळ आगरी बोलीत तर ‘नाय’ हाच रोजचा शब्द. सहीतला ‘ह’ असाच गळाला आणि सई उरली. मराठी कोशांतही या शब्दाचा अर्थ मैत्रीण, सखी असाच मिळतो.

यावर एक आक्षेप येऊ शकतो आणि तो हलका नाही. प्राकृताच्या नियमाने पाहिले तर सई हे रूप सखीपेक्षा सती या शब्दातून अधिक सरळ येते. दोन स्वरांमधला ‘त’ किंवा ‘द’ प्राकृतात पुरता गळतो. नदीची नई होते, तशी सतीची सई. गाथासप्तशतीतच ‘असई’ हा शब्द वारंवार भेटतो आणि त्याचा अर्थ असती, म्हणजे परपुरुषाकडे जाणारी बाई. मग सई हे नाव पतिव्रतेचे का मानू नये? नुसत्या ध्वनीवर निकाल लावायचा तर आक्षेप घेणारा जिंकेल. पण शब्द कसा वापरला जातो, हाही पुरावाच असतो. प्राकृतात सही आणि सई हे दोन वेगळे शब्द शेजारी शेजारी नांदत होते. त्यांपैकी सती या अर्थाची सई मराठीपर्यंत पोचली नाही. सती हा शब्द आपण मूळ संस्कृत रूपातच पुन्हा उचलला. मराठीत कोणी कोणाला पतिव्रता या अर्थाने सई म्हटल्याचे दिसत नाही. उलट ‘सये’ आणि ‘सयांनो’ ही संबोधने आपल्या गाण्यांत, ओव्यांत, फेरांत सर्वत्र आहेत. सतीला कोणी लाडाने एकेरी हाक मारत नाही, तिच्यापुढे हात जोडतात. सये ही हाक बरोबरीच्या बाईलाच मारता येते. माझ्या मते हे संबोधनच या वादाचा निकाल लावते.

सईसारखे ऐकू येणारे आणखी शब्द आहेत, त्यांचाही हिशेब थोडक्यात करून टाकू. कागदावर करतो ती सही बोलण्यात सई होते. ती अरबी-फारसीतून आली. सईसांजेतली सई तिन्हीसांजेची आहे, मैत्रिणीची नव्हे. आठवण या अर्थाची ‘सय’ स्मृतीपासून आलेली. तिचा मात्र मोह पडतो, कारण मैत्रीण आणि आठवण एकमेकींच्या जवळ राहतात. तरी कूळ वेगळेच.

आता प्रश्न असा, की हाकेचे नाव कसे झाले? आपल्याकडे मुलींची जुनी नावे बहुतेक देवींची, नद्यांची, फुलांची, धातुरत्नांची: लक्ष्मी, गंगा, शेवंता, सोनू, हिरा. या सगळ्यांत नाव हे एखाद्या वस्तूचे किंवा देवतेचे असते आणि ते मुलीला दिले जाते. सई तशी नाही. ती नात्याची संज्ञा आहे, आणि नातेही जन्माने मिळणारे नव्हे, जोडावे लागणारे. असा शब्द नाव होण्याइतका घट्ट कुठे झाला असेल, याचा अंदाज जात्याजवळ येतो. दळण जास्त असले की जात्याच्या दोन बाजूंना दोघी समोरासमोर बसत. खुंटा एकच, त्यावर दोघींचे हात; एकीने ओढायचे तेव्हा दुसरीने सोडायचे, आणि मधूनमधून एकीने वैरण घालायची. पहाटेचा अंधार, बाकीचे घर झोपलेले. गाणे एकीने सुरू केले की दुसरीने पुढे न्यायचे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. या ओव्यांत बापभावांचे कौतुक आहे, सासरचे दुःख आहे, विठ्ठल आहे. पण ते सारे सांगायचे आहे शेजारणीला, सईला, बाईला. सासरी आलेल्या मुलीला माहेरचे कोणी जवळ नसे. नणंद, जाऊ, सासू ही नाती ठरलेली आणि त्यांची उतरंडही ठरलेली. त्या घरात जिला कोणतीही पायरी नव्हती, अशी एकच बाई: सई. आपल्या मुलीला हे नाव देणाऱ्या बाईला त्या शब्दाची किंमत ठाऊक होती, असे मानायला मला अडचण वाटत नाही.

या नावाची सर्वांत प्रसिद्ध धारक म्हणजे फलटणच्या नाईक निंबाळकरांची लेक, छत्रपती शिवाजी महाराजांच्या थोरल्या राणीसाहेब सईबाई. १६४० साली त्यांचे लग्न झाले, १६५७ साली पुरंदरावर संभाजीराजांचा जन्म झाला आणि १६५९ च्या सप्टेंबरात राजगडावर त्या वारल्या. शाळेतल्या इतिहासात त्या शंभूराजांच्या मातोश्री म्हणून येतात आणि तेवढ्यावरच राहतात. नावाच्या दृष्टीने मात्र त्यांच्या घरात एक विलक्षण गोष्ट आहे, तिच्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही. सईबाईंच्या एका मुलीचे नाव सखूबाई. पुढे तिचे लग्न सईबाईंचे बंधू बजाजी यांचे चिरंजीव महादजी यांच्याशी झाले, म्हणजे ती आईच्याच माहेरी सून म्हणून गेली. आई सई, लेक सखू. सखीचा ‘ख’ टिकला तर सखू होते, झिजला तर सई, शब्द एकच. हे कोणी जाणून केले की योगायोगाने घडले, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढे सिद्ध होते, की सतराव्या शतकात सखी या शब्दाची दोन्ही रूपे मराठी घरात मुलींची नावे म्हणून रुळलेली होती. सई हे आजकालचे, दोन अक्षरांच्या हौसेपोटी कोणी घडवलेले नाव नाही.

पुढे या दोन नावांच्या वाटा फुटल्या. कऱ्हाडच्या संत सखूमुळे सखू हे नाव घरोघरी पोचले, १९४१ साली प्रभातने तिच्यावर चित्रपट काढला. आणि तरीही शहरात शिकलेल्या लोकांनी सखूला गावंढळ ठरवून टाकले. सईला मात्र ते लागले नाही. याचे एक कारण असे असावे, की विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सई फारच थोड्या घरांत उरली होती. जे सरसकट नसते ते जुनाटही ठरत नाही. १९३८ साली शकुंतला परांजपे यांच्या मुलीचे नाव सई ठेवले गेले. पुढे ‘स्पर्श’, ‘चष्मेबद्दूर’, ‘कथा’ हे चित्रपट करणाऱ्या त्याच सई परांजपे. शकुंतलेच्या लेकीला सखीचे नाव, हे वाचताना कालिदासाच्या तपोवनातल्या मुली आठवल्यावाचून राहत नाहीत. परांजपे यांनी आपल्या आत्मकथनाला ‘सय’ असे नाव दिले, त्यात या दोन शब्दांची जवळीक त्यांनी किती नेमकी पकडली आहे! त्यानंतरच्या पिढीत अभिनेत्री सई ताम्हणकर आली, आणि २०२० साली ‘माझा होशील ना’ मालिकेची नायिका सई झाली. ‘प्रेमाची गोष्ट’मधली लहान मुलगीही सईच. दूरचित्रवाणीने हे नाव बारशापर्यंत नेले, यात शंका नाही.

इथे दुसरा आक्षेप येतो. आजचे आईबाप नाव ठेवताना सखी, प्राकृत, ओव्या असले काही पाहत नाहीत. त्यांना लहान, गोड, उच्चारायला सोपे नाव हवे असते. मग अर्थाचा एवढा आग्रह कशाला? हे खरे आहे की बहुतेक नावे कानाला बरी वाटतात म्हणूनच ठेवली जातात. पण तेच आईबाप बारशाच्या आधी ‘या नावाचा अर्थ काय’ हेही विचारतातच, आणि उत्तर मिळाले नाही तर नाव बदलतात. म्हणजे अर्थ हवा असतो, फक्त तो कोणी नीट सांगत नाही. नावांच्या याद्यांमधून सईला फूल, देवी असे काहीही अर्थ चिकटवले जातात. खरा अर्थ त्या सगळ्यांपेक्षा चांगला असताना खोटा का घ्यावा? आणि तो अर्थ मराठीपुरता नाही. कामोठ्यापासून जवळ, पनवेलमध्ये बेने इस्रायली समाजाचे बेथ एल हे सिनेगॉग १८४९ पासून उभे आहे. त्या समाजात रूथ हे मुलीचे नाव ठेवतात, आणि या हिब्रू नावाचा अर्थ परंपरेने सोबतीण, सखी असाच सांगितला जातो. बायबलमधली रूथ नवरा वारल्यावर सासूची सोबत सोडत नाही. रायगड जिल्ह्यात शतकानुशतके शेजारी राहिलेल्या दोन समाजांनी, दोन अगदी वेगळ्या भाषांतून, मुलीला सखीचे नाव दिले. सई हे नाव लहान आहे, पण एकाकी नाही.

उरतो तो कान्याचा प्रश्न. रोमन लिपी टाळता येणार नाही, हे मान्यच करावे लागते. आधार, पासपोर्ट, परीक्षेचा अर्ज, सगळीकडे ती आहे. एस-ए-आयऐवजी शेवटी ई जोडून किंवा दोन ई लावून काही घरे वाट काढतात, आणि ते शहाणपणाचे आहे. पण रोमन स्पेलिंग कसेही लिहिले तरी त्यातून ऱ्हस्व ‘स’ ऐकू येईल याची खात्री नाही. ती खात्री देवनागरीच देते. कामोठे २०१६ पासून पनवेल महानगरपालिकेत आहे आणि इथल्या बाळांची जन्मनोंद तिथे होते. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीनंतर जन्मलेल्यांसाठी जन्मदाखल्याचे महत्त्व फार वाढले आहे. शाळाप्रवेशापासून पुढच्या कागदांना तोच आधार. तेव्हा दाखल्यावरचे देवनागरीतले नाव नीट वाचून घ्यावे, आणि शाळेत नाव घालताना ते तोंडी एकदा म्हणून दाखवावे. शिक्षकांनीही पहिल्या हजेरीला मुलीलाच विचारावे, तुझे नाव कसे म्हणायचे. दुसऱ्या प्रांतातून आलेल्या शिक्षिकेला हे सांगितले तर ती आनंदाने शिकेल, कारण सखी आणि सहेली तिच्याही भाषेत असतात.

महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम ठरला आहे. याच क्रमाने सईबाईंच्या त्या लेकीचे नाव लिहिले तर ते होईल सखू सई शिवाजी भोसले. ते लिहिताना ‘स’ला काना देऊ नका.